देशोदेशीचा नाताळ आणि आपल्या गटाची सणाची उचल



मावळात भाताची झोडणी उरकली. इंद्रायणीची पोती घरात आली, पेंढा रचून झाला, हरभरा आणि मसूर वर आलेत. आपल्याला जरा उसंत आहे, पण तिकडे लोणावळ्यात गडबड सुरू व्हायची वेळ झाली. नाताळची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. आपल्यातल्या ज्या बायका बंगल्यांवर कामाला जातात, त्यांना २४ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. चादरी, भांडी, पाहुण्यांची मागणी म्हणून पिठलं-भाकरी. नाताळ म्हणजे आपल्या लेखी एवढंच. बंगल्यावरचं काम, चिक्कीच्या दुकानातली गर्दी आणि लाल टोपी.

हा सण कोणाचा, कोण कसा करतं, हे विचारायला आपण थांबत नाही. आम्हीही थांबलो नव्हतो. त्याचा भुर्दंड आमच्या गटातल्या एका ताईला पडला. आधी ती गोष्ट सांगतो, मग देशोदेशी फिरून येऊ.

आमच्या दहा जणींच्या गटात एक ताई नगरकडची आहे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. नवरा तळेगावच्या एमआयडीसीत कामाला. आम्ही तिला 'नगरची'च म्हणतो. घर ख्रिस्ती. बोलणं आपल्यासारखं, साडी आपल्यासारखी, हळदी-कुंकवाला बोलावलं तर तिळगूळ घेऊन येणार. दिवाळीत आमच्या सगळ्यांच्या घरचा फराळ तिच्याकडे जातो आणि ताट रिकामं कधी परत येत नाही.

आमच्या गटात सणाची उचल देतात. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत ज्या सभासदाला हवी तिला ३,००० रुपयांपर्यंत, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या बैठकीत नगरचीने ३,००० रुपये मागितले. एक जण म्हणाली, "अगं, सणाची उचल दिवाळीला असते. तेव्हा का नाही घेतलीस?" ती म्हणाली, "तेव्हा मला नको होती, आता हवी आहे." पेटीत पैसे होते. पण नियमाच्या वहीत 'दिवाळी' असं लिहिलेलं. आम्ही समन्वयक म्हणून तिथे हजर होतो. आम्हीच सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. आमच्याच अक्षरात इतिवृत्तात नोंद झाली, 'पुढील दिवाळीस विचार करू.' ती काही बोलली नाही. बचत भरली, सही केली आणि गेली.

नंतर कळलं, तिने ते पैसे बाहेरून शेकडा पाच रुपये महिन्याने घेतले. पाच महिने मुद्दल तसंच राहिलं आणि नुसत्या व्याजाचे ७५० रुपये गेले. गटातून घेतले असते, तर मुद्दल तसंच राहूनही तेवढ्या काळाचं व्याज ३०० झालं असतं. हप्ते भरले असते तर त्याहून कमी. ४५० रुपये तिच्या खिशातून गेले, कारण आमच्या वहीत एकाच सणाचं नाव होतं.

पुढच्या नाताळला आम्ही गटातल्या सहा जणी तिच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारावर कागदाची मोठी चांदणी टांगली होती, आत दिवा. आमच्यातल्या एकीला वाटलं, दिवाळीचा आकाशकंदील काढायचा राहिला. कोपऱ्यात मुलांनी गोठा केला होता. खरा पेंढा, मातीची गाय, गाढव, मेंढ्या आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ. ताटात काय आलं? करंजी, चकली, शंकरपाळी, अनारसे. आमच्यातली एक म्हणाली, "आणि केक कुठाय?" नगरची हसली. म्हणाली, "केक आहे, बेकरीतून आणलाय. पोरांना तो लागतो. सासूबाईंना मात्र अनारशाशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटत नाही."

तिथून येताना आम्ही ठरवलं, या सणाची नीट माहिती घ्यायची. मिळाली ती आज तुम्हाला सांगतो.

पहिलं म्हणजे नाताळ हा शब्द. तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला, अर्थ जन्म. पाव, चावी, साबण, बटाटा, पगार हे शब्दही त्याच वाटेने आले. पगार हा शब्द आपण रोज वापरतो, तो परका वाटत नाही. नाताळही तसाच जुना आहे.

किती जुना? फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले आणि मराठी शिकले. त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, 'क्रिस्तपुराण'. ते १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी येशूच्या जन्माची गोष्ट मराठी ओवीत आली होती.

नगरकडची वाट वेगळी. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं, त्या याच मिशनच्या. पुढे कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं पुस्तक गटाच्या वाचनालयात असलंच पाहिजे. शाळेत न गेलेल्या बाईने इतकं सरळ आणि इतकं हसत-हसवत लिहिलंय. आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना त्यांनी तिथे आसरा दिला, छापखाना चालवला, आणि १९२२ साली जाण्याच्या आधी बायबलचं मराठी भाषांतर पूर्ण केलं. तेव्हा नगरचीच्या घरात पेटी-तबल्यावर नाताळची गाणी ऐकली, त्यात नवल काहीच नव्हतं.

वसईला गेलात तर अजून वेगळं. तिथे पोर्तुगीज १५३४ पासून होते, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती शेतकरी तिथेच राहिले. आजही घरात सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच होते.

गोव्यात नाताळला कुस्वार करतात, म्हणजे नाताळचा फराळ. दोदोल, बिबिंका, नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. हे ताट शेजाऱ्यांकडे पाठवायचं, शेजारी हिंदू असले तरी. आणि चवथीला त्यांच्या घरच्या नेवऱ्या यांच्याकडे येतात. लोणावळ्यातल्या एका काकूंनी आम्हाला कलकल शिकवले. त्यांचे वडील रेल्वेत होते, मूळ घर गोव्याकडचं. शंकरपाळीसारखंच गोड पीठ, फक्त छोटी गोळी काट्यावर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. मग तळायचे.

आता मावळाची वेस ओलांडून लांब जाऊ.

तारखेपासून सुरुवात करू. आपल्याला वाटतं, सगळ्या जगाचा नाताळ २५ डिसेंबरला. तसं नाही. रशिया, सर्बिया, इजिप्त, इथिओपिया इथली जुनी चर्च ७ जानेवारीला नाताळ करतात. कारण कालगणना दोन. १५८२ साली युरोपात नवी कालगणना आली, पण या चर्चनी सणांसाठी जुनीच ठेवली. दोन्हींत आता १३ दिवसांचा फरक पडतो. आपल्याला हे समजायला अवघड नाही. उत्तरेकडच्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून कोणी कोणाला खोटं म्हणत नाही.

इथिओपियात नाताळच्या आधी चाळीसहून जास्त दिवसांचा उपास असतो. मांस नाही, दूध नाही, तूप नाही. मग नाताळला पांढरी सुती वस्त्रं नेसून रात्रभर प्रार्थना, आणि उपास सुटतो तो कोंबडीच्या झणझणीत रश्श्याने. सोबत इंजेरा, आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ पोळी. आपल्या आंबोळीची मोठी बहीण म्हणा. त्या दिवशी पुरुष मंडळी हॉकीसारखा खेळ खेळतात. त्या खेळाचं आणि सणाचं नाव एकच, गेना.

फिलिपिन्स हा बेटांचा देश. तिथे नाताळची तयारी सप्टेंबरपासून चालते. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस लोक पहाटे, अंधारातच चर्चला जातात. आपली काकड आरती आठवा. परत येताना चर्चच्या दाराशी तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे गरम केक मिळतात, खाली केळीचं पान लावून भाजलेले. घरोघरी बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद लावून केलेली चांदणी टांगतात. आपल्या आकाशकंदिलासारखाच हात, तेच साहित्य.

स्वीडनमध्ये डिसेंबरात दिवस इतके लहान की दुपारीच अंधार. तिथे १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस. पांढऱ्या झग्यातली मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून पुढे, मागे बाकीच्या मुली गात येतात. जर्मनीत चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं करतात आणि नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावत जातात. नाताळचं झाड घरात आणून सजवण्याची रीतही त्याच भागातून जगभर गेली. ऑस्ट्रेलियात मात्र तेव्हा भर उन्हाळा. लोक समुद्रावर जातात आणि कार्डावर बर्फाचं चित्र पाठवतात.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक फार थोडे, नाताळची सुट्टीही नसते. पण १९७० नंतर एका कंपनीने जाहिरात केली आणि तळलेली कोंबडी खाणं ही नाताळची रीत होऊन बसली. लोक आधीपासून नंबर लावतात. सोबत स्ट्रॉबेरीचा केक. रीत जाहिरातीनेही तयार होते, हे आपण अक्षय्य तृतीयेच्या सोन्यावरून ओळखतोच.

भेटवस्तू कोण आणतं, हेही देशादेशांत बदलतं. लाल टोपीवाले आजोबा म्हणजे मूळचे संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, १,६०० हून अधिक वर्षांपूर्वीचे. नेदरलँड्समध्ये ते घोड्यावर बसून येतात आणि ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतात. मुलं घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. स्पेनमध्ये ६ जानेवारीला तीन राजे भेटी आणतात.

इटलीत येते ती मात्र एक म्हातारी, बेफाना. तिची गोष्ट आमच्या गटात सगळ्यांना आवडली. बाळाच्या दर्शनाला निघालेले राजे तिच्या दारात थांबले, म्हणाले, चल आमच्याबरोबर. ती घर झाडत होती. म्हणाली, एवढं काम उरकते, मग येते. काम उरकलं तोवर राजे निघून गेले होते. तेव्हापासून ती झाडूवर बसून ६ जानेवारीच्या आदल्या रात्री घरोघर फिरते आणि प्रत्येक घरातल्या लेकरासाठी खाऊ ठेवते. आमच्या अक्का ऐकून म्हणाल्या, "ही तर आपल्यातलीच दिसतीय. आधी काम, मग देव."

आता शेवटच्या दोन रीती.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक गाणी म्हणत घरोघर फिरतात. मरीया आणि योसेफ यांना बेथलेहेमात कुठे उतरायला जागा मिळाली नव्हती, त्याची ही आठवण. बाहेरचे गाऊन जागा मागतात, आतले गाऊनच नाही म्हणतात. पुन्हा मागतात, पुन्हा नाही. मग शेवटी दार उघडतं, सगळे आत येतात, जेवतात.

पोलंडमध्ये २४ डिसेंबरला आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. टेबलावरच्या कापडाखाली थोडं वाळलं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. १२ पदार्थ करतात, त्यात मांस नसतं. जेवणाआधी पातळ पापडीसारखी भाकर एकमेकांना तोडून देतात. आणि एक पान जास्त मांडून ठेवतात. अचानक कोणी आलं तर त्याच्यासाठी.

हे पोलंडचं सांगण्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यातही बायका आणि मुलं जास्त, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे गावी छावणीत राहिले. १९४३ पासून १९४८ पर्यंत. म्हणजे त्यांचे इतके नाताळ कोल्हापूरच्या मातीत झाले. अचानक आलेल्यांसाठी पान मांडणारे हे लोक, आणि त्यांच्यासाठी पान मांडलं आपल्या मुलखाने.

हे सगळं गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा अक्का नगरचीला म्हणाल्या, "अगं, त्या वेळी तू नीट बोलली का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "बोलले होते अक्का. वहीत आहे ना." वही उघडली. आमचंच अक्षर होतं.

त्याच बैठकीत नियम बदलायला घेतला. सोपं नव्हतं. एकीने रास्त शंका काढली, "असं केलं तर दर महिन्याला कोणी ना कोणी हात पुढे करील, पेटीत राहील काय?" मग आम्ही प्रत्येकीला विचारलं, तुझ्या घरी खर्चाचा मोठा सण कोणता? उत्तरं ऐकून आम्हीच गप्प झालो. सहा जणी म्हणाल्या दिवाळी. दोघी म्हणाल्या गावची जत्रा, तेव्हा लेकी-जावई येतात. एक म्हणाली गौरी-गणपती. एक नाताळ. म्हणजे चौघी जणी इतकी वर्षं आपली गरज बाजूला ठेवून दिवाळीला उचल घेत होत्या, नाहीतर घेतच नव्हत्या. आधी दिवाळीला सगळ्या एकदम मागायच्या आणि पेटी कोरडी पडायची. आता मागणी वाटली गेली, पैसा फिरता राहिला.

नियम आता असा लिहिलाय. सणाची उचल प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा, तिने सांगितलेल्या सणाच्या आधीच्या महिन्याच्या बैठकीत. महिन्याचं नाव लिहिलेलं नाही, कारण मुसलमान भगिनींची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. शेजारच्या कातकरी वस्तीतल्या गटाने हाच नियम घेतला. त्यांनी मोठा सण लिहिला शिमगा. दुसऱ्या एका गटातल्या भगिनींनी लिहिलं, १४ एप्रिल.

नगरचीने मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या बैठकीत ३,००० घेतले आणि मार्चपर्यंत फेडले. शिवाय गटाने तिच्या हाताखाली शंकरपाळी, करंज्या आणि कलकल केले, दोन बंगल्यांवर आणि काही ओळखीच्या घरी दिले. नफा फार नाही, पण पहिल्या वर्षी तोटा आला नाही. तुम्हाला करायचं असेल तर ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या, निम्मे पैसे आधी घ्या, पाकिटावर तारीख टाका आणि अंडं घातलं असेल-नसेल ते स्पष्ट लिहा. अन्न सुरक्षेची नोंदणी काढून ठेवा.

ताईंनो, पुढच्या बैठकीत बचत आणि हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. वहीचं एक कोरं पान घ्या, प्रत्येकीचं नाव आणि पुढे तिचा सण लिहा. कोणी "मला काय, तुमची दिवाळी तीच माझी" असं म्हणाली तर तिला पुन्हा एकदा विचारा. आमच्याकडे एकदाच विचारलं होतं.

आणि २५ तारखेला बंगल्यावरून यायला उशीर झाला तरी आपल्या वस्तीत चांदणी टांगलेलं घर असेल तर दोन मिनिटं जाऊन या. आम्ही नगरचीकडे जाणार आहोत. यंदा ताट आमच्याकडून जाणार आहे, तिळाचे लाडू आणि इंद्रायणीचा भात. अनारसे तिच्याच सासूबाईंचे.